मानेवरचं ताट

दुपारी मुलं घरी सोडायची वेळ झाली की मावशी खिचडीचं एक लहान ताट घासायची, पदराला पुसायची आणि मान वाकवून ते मागून पोलक्यात सरकवायची. ताटाची कड पार मानेपर्यंत यायची. वरून पदर घेतला की लांबून वाटायचं, म्हातारीला कुबड आलंय.

"वाघ मागनं येतो बाई, आन् मानंलाच धरतो," ती मला सांगायची. "ताट असल्यावर त्याचं दात तरी वाजत्याल. म्हंजी मला कळंल तरी."

कळून काय करणार, असं मी विचारायची. "वरडीन की!" म्हणायची, आणि स्वतःच हसायची.

मी न्हावऱ्याहून निमोण्याकडे जाताना लागणाऱ्या एका वस्तीवरची अंगणवाडी सेविका. ती माझी मदतनीस. खिचडी शिजवायची, झाडलोट करायची, मुलांची नाकं पुसायची आणि साडेबाराला त्यांना घरोघरी पोचवायची. मी तिला मावशी म्हणायची, मुलंही मावशी म्हणायची, मुलांचे आईबापही मावशीच. ती मात्र मला, मी वीस वर्षांनी लहान असूनही, बाई म्हणायची. मी किती वेळा सांगितलं, अहो नावानं हाक मारा. "न्हाई बाई, भ्या वाटतं," हे तिचं उत्तर.

भ्या वाटतं! हे तिचं पालुपद होतं. कुकरची शिट्टी झाली की भ्या वाटायचं. सुपरवायझर मॅडमची गाडी दिसली की भ्या वाटायचं, मग ती कोठीच्या खोलीत जाऊन उगाच डाळ पाखडत बसायची. माझ्या मोबाईललाही भ्यायची. मुलांचे चेहरे त्यात धरून हजेरी लावावी लागते ना, तर ते बघून म्हणाली, "पोरांची दृष्ट लागल त्येला." आता मोबाईलला दृष्ट लागते की मोबाईलची लागते, ते मला काही तिनं उलगडून सांगितलं नाही. वस्तीवरचे लोक तिची टर उडवायचे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, म्हणायचे. मीही त्यातलीच होते, उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणू?

पण तुम्ही आमचा रस्ता पाहिलेला नाही. अंगणवाडीतून निघालं की दोन्ही बाजूंनी ऊस. मध्ये बैलगाडी जाईल एवढी वाट. डोक्याच्या वर ऊस गेला की त्या वाटेवर दुपारी बाराला संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं. आमच्याकडे बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधून खुरपायला जातात, हे तुम्ही पेपरात वाचून "अरेरे" म्हटलं असेल. आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालंय. शेळी गेली, कुत्रं गेलं, अमक्याच्या गोठ्यातून वासरू ओढलं, अशा बातम्या आमच्याकडे चहाबरोबर येतात. पिंजरा लावतात. पिंजऱ्यात बिबट्या सापडला की दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी कुणाला तरी दुसरा दिसतो. आणि कुत्र्याएवढ्या उंचीचं जे काही असेल ते बिबट्याला आपलं वाटतं. आमची सतरा मुलं सगळी त्याच उंचीची.

म्हणून मावशीनं कासरा आणला होता. घरचे बैल विकले तेव्हा उरलेला. त्याला तिनं हातहात अंतरावर गाठी मारल्या, मोजून अठरा. सतरा मुलांच्या आणि शेवटची तिची. प्रत्येकाची गाठ ठरलेली. पुढे मी, मला फोनचं काही काम असलं की आरोही, वर्गातली सगळ्यात मोठी, आणि मागे मावशी. निघायच्या आधी ती सगळ्यांच्या डोक्यावरून हात फिरवत मोजायची. डोळ्यात मोतीबिंदू धरलेला, त्यामुळे तिला दिसण्यापेक्षा हातालाच जास्त कळायचं. ही तेल चोपडलेली स्वरा, हा राठ केसांचा शौर्य, ही दोन वेण्यांची ईश्वरी. मग चालताना दर वळणाला ती मागून पुकारायची.

"एक?"

"हाय!"

"दोन?"

"हाय!"

असं सतरापर्यंत. आणि मग स्वतःच, "अठरा?" आणि स्वतःच खणखणीत, "हाय!" मुलं खिदळायची. मलाही पहिल्यांदा हसू आलं होतं. म्हटलं, "मावशी, तुम्ही कशाला तुमचा नंबर घेता? तुम्ही कुठं हरवणार?"

"मी मागं असती बाई. मला नेलं तर तुमाला कसं कळायचं?"

पोरांना तिनं एक धडाही शिकवला होता. एकटं पडलं तर पळायचं नाही, वाकायचं नाही, रडत खाली बसायचं तर अजिबात नाही. जिथं आहे तिथं ताठ उभं राहायचं आणि आपला नंबर ओरडत राहायचं. "मी येतीच," ती सांगायची. हा धडा आमच्या कुठल्या तक्त्यात नव्हता. मी तो घेऊ दिला, कारण माझ्याकडे त्याहून चांगला नव्हता.

मग थंडीत रांजणगावच्या एका कारखान्याकडून टोप्या आल्या. लालभडक, कान झाकणाऱ्या, सगळ्या एका मापाच्या. वीस होत्या. सतरा वाटल्या, तीन मी कपाटात ठेवल्या. मुलं काय गोड दिसायची म्हणून सांगू! मी फोटो काढून वर पाठवले, वरून अंगठा आला. मावशी तेवढी नाराज.

"बाई, या टोप्यांत डोकी कळंनात मला."

"अहो, मोजायला डोकी कळायला कशाला हवीत? आकडा जुळला की झालं."

हे मी म्हटलं होतं. मीच म्हटलं होतं.

तो दिवस मला पहिल्यापासून आठवतो. सतराच्या सतरा मुलं हजर होती, हे विशेष. शेजारच्या फडात ऊसतोडीची टोळी उतरली होती, उसाच्या वाळक्या पाल्याच्या, पाचटाच्या कोप्या बांधून. त्यातली एक बाई सकाळी कडेवर पोर घेऊन दारात आली. अडीच वर्षांचं असेल. अजून आपल्या वर्गात बसायचं वय नव्हतं त्याचं. म्हणाली, "बाई, आजच्या दीस बसू द्या. कोपीवर कुणीच न्हाई. रातच्याला कायतरी कोपीमागं फिरत हुतं." मी काय नाही म्हणणार? घेतलं. पोर गारठलं होतं, म्हणून कपाट उघडून त्याच्या डोक्यावर एक लाल टोपी चढवली आणि ओळीत बसवलं. मावशी तेव्हा मागे भांडी घासत होती. सांगू तिला, म्हटलं.

आणि सांगायचं राहिलं. साडेबाराला दहा कमी असताना मॅडमचा फोन आला, हजेरी वर चढलेली नाही, आत्ताच्या आत्ता चढवा. आमच्या खोलीत रेंज म्हणजे देवाची कृपा. रेंजसाठी पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर जावं लागतं. मी मुलांना म्हटलं, कासरा धरा, मावशी येतेय, आणि टाकीकडे धावले. ईश्वरी लघवीला मागे गेली होती. ते मी पाहिलंही नव्हतं.

टाकीच्या जिन्यावरून मला लाल टोप्यांची रांग निघालेली दिसली. उसाच्या मधून, ऐटीत. मागे कुबड घेऊन मावशी. मी फोनमध्ये तेवढ्यात एक फोटोही काढला. अजून आहे माझ्याकडे. पुसून टाकायचं धाडस होत नाही, बघायचंही होत नाही.

पुढचं मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. मावशीनं हात फिरवून मोजलं, सतरा. ईश्वरीची गाठ सातवी. ती रिकामी होती, पण आठव्या गाठीच्या स्वरानं टोळीतल्या त्या पोराचा हात धरून तिथे लावला. का, असं मी तिला नंतर विचारलं. चार वर्षांची पोर ती. म्हणाली, "गाठ रिकामी दिसली की मावशीला भ्या वाटतं ना, म्हणून." आणि वळणावर मावशीनं "सात?" म्हटलं तेव्हा ते अडीच वर्षांचं पोर, बाकीची म्हणतात म्हणून, तेही म्हणालं, "हाय."

ईश्वरीचं घर वाटेवरचं पहिलंच. तिची आजी ओट्यावर उभी होती. मावशीनं पोराला पुढे केलं. आजी म्हणाली, "आगं, ह्ये कुणाचं आणलं? माझी ईश्वरी कुठंय?" मावशीनं टोपी काढली. खाली वेण्या नव्हत्या.

मावशीचं ओरडणं मला टाकीपर्यंत ऐकू आलं. मी धावत पोचले तेव्हा माझ्या पायात एकच चप्पल होती. मुलं आजीच्या घरात कोंबली होती, आजी कपाळ बडवत होती, आणि मावशी ओट्याच्या खांबाला धरून थरथरत होती. तिचे दात खरंच वाजत होते. मला वाटलं, ही आता पडणार. घरातले गडी कांद्याची गाडी घेऊन शिरूरला गेलेले. कुणीतरी फोन लावत होतं. कुणीतरी म्हणत होतं, माणसं येऊ द्या, फटाके आणा, असं उसात घुसायचं नाही.

मावशीनं मान वाकवली, हात मागे घातला आणि पोलक्यातून ताट ओढून काढलं. खालचा एक धोंडा उचलला.

"बाई, तुमी पोरांजवळ थांबा. दार लावून घ्या."

"मावशी, थांबा. माणसं येतायत. तुम्हाला भीती..."

"भ्या वाटतंय म्हनूनच चाललीय," ती म्हणाली. "तिला बी वाटत आसंल की."

आणि गेली. उघड्या मानेनं. तुम्ही माझ्याबरोबर त्या ओट्यावर असतात तर तुम्हालाही तेच दिसलं असतं जे मला दिसलं. पदर खाली पडलेला, पिकल्या केसांचा लहानसा अंबाडा, आणि त्याखाली ती बारीक, सुरकुतलेली मान. इतकी वर्षं ताटामागे होती, मी ती कधी पाहिलीच नव्हती. उसानं तिला आत घेतलं.

मी दार लावलं. सोळा मुलं आणि ते एक, सगळी मला चिकटलेली. बाहेरून ताटाचा आवाज येत होता. ठण, ठण, ठण. आणि तिची हाक, "सात! सात!" आवाज खालच्या फडाकडे गेला, मग विहिरीच्या अंगाला, मग बारीक झाला. मनात काय काय आलं ते लिहवत नाही. एवढं सांगते की मी देवाला नवस बोलले तो ईश्वरीसाठी बोलले, मावशीसाठी बोलायचं मला सुचलं नाही.

मग आवाज थांबला.

किती वेळ थांबला, कोण जाणे. मुलांनाही ते कळलं. आरोही हळूच म्हणाली, "बाई, अठरा म्हना." मी दाराच्या फटीला तोंड लावून ओरडले, "अठरा?" काही नाही. पुन्हा ओरडले. वाऱ्यानं उसाची पाती तेवढी वाजत होती.

मग ताट वाजलं. आधी एकदा, मग भराभर. मी दार उघडून बाहेर आले. बांधावरून मावशी येत होती, कडेवर ईश्वरी. पळत नव्हती. पोरांना शिकवलं होतं तशीच, ताठ, एकेक पाऊल टाकत, मागे न बघता. पोरीचा आवाज बसला होता, पण ती अजून म्हणतच होती, "सात हाय. सात हाय. सात हाय." लघवीहून येऊन बघते तर रांग गेलेली. ती एकटीच बांधाच्या वाटेनं निघाली, आणि विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीपाशी आली तेव्हा तिला धडा आठवला. उभी राहिली. पेटीला पाठ लावून आपला नंबर ओरडत राहिली.

मी विचारलं, "मावशी, मध्येच ताट का थांबवलंत?"

"मागं पाचट वाजत हुतं," ती म्हणाली. "पोरगी पुढं दिसत हुती. ताट वाजवायला हात हालंनात माझं."

"काय होतं?"

"बघितलंच न्हाई बाई. वळलीच न्हाई."

दुसऱ्या दिवशी वनखात्याचा माणूस आला. ईश्वरी हरवली त्याच्या आदल्या रात्री खालच्या फडाला पाणी दिलं होतं, चिखल ओला होता. मावशीच्या चपलांचे ठसे विहिरीपर्यंत गेलेले स्पष्ट दिसत होते. त्यातल्या दोन ठशांवर, अगदी चपलेच्या ठशाच्या वर, बिबट्याचा पंजा उमटला होता. म्हणजे तो तिच्यामागून चालला होता. तो माणूस मोबाईलचा उजेड पाडून आम्हाला दाखवत होता.

चौकशी झाली. मॅडम आल्या, सरपंच आले, ईश्वरीचा बाप लालबुंद होऊन बसला होता. पोरगी सुखरूप होती म्हणून तो निदान बसला तरी होता. विचारलं, चूक कुणाची? मी तोंड उघडणार होते. खरंच उघडणार होते. आजही रात्रंदिवस मी हेच स्वतःला सांगते. पण माझ्या आधी मावशी उभी राहिली. ज्या मॅडमची गाडी बघून ती कोठीत लपायची, त्यांच्यासमोर हात जोडून उभी राहिली.

"माझी मोजनी चुकली साहेब. डोळं गेलं माझं. मी आता येत न्हाई कामावर."

टोपीचं कुणी विचारलं नाही. जादा पोर कुणी बसवलं, त्याला टोपी कुणी दिली, कपाटाची किल्ली कुणाच्या कमरेला असते, कुणीच नाही. आणि मी गप्प बसले. मला माझी नोकरी दिसत होती, माझ्या दोन मुली दिसत होत्या. मावशी चार दिवसांनी कासुर्डीला लेकीकडे गेली.

सहा महिने मी ते गिळून बसले. मग एका रविवारी चौफुल्यापर्यंत एसटीनं आणि पुढे जीपनं कासुर्डीला गेले. घर हायवेजवळच. मावशी दारात बसली होती, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. मला बघून आधी घाबरली, मॅडमनी पाठवलं की काय म्हणून. मग हसली. इथे ऊस नाही जवळ, पण गाड्यांचं भ्या वाटतं म्हणाली, सोलापूरकडून कशा सुसाट येतात.

मी बसल्या बसल्या एका दमात सांगून टाकलं. पोर मी बसवलं. टोपी मी दिली. सांगायचं मी विसरले. चौकशीत मी घाबरले.

मावशी पदराच्या टोकानं डोळा टिपत होती, औषधानं पाणी येत होतं त्यातून.

"ठाव हाय की," ती म्हणाली. "टोपी काढली तवाच कळलं. कपाट तुमच्याबिगर कोण उघडतंय?"

"मग बोलला का नाहीत?"

"दोघींनी बी जाऊन पोरांचं काय झालं असतं बाई? वस्तीवर नवी बाई येईस्तवर वरीस जातंय." मग जणू गुन्हा कबूल करावा तशी म्हणाली, "माझ्याकडं बी एक हाय तुमचं." आत गेली आणि ताट घेऊन आली. धोंड्यानं ठोकून ठोकून त्याला मधोमध पोचे आले होते. "सरकारी हाय. माझ्याकडंच राह्यलं. लई भ्या वाटत हुतं, कुणी चोर म्हनंल म्हनून."

मी ताट पिशवीत घातलं. निघताना ती रस्त्यापर्यंत आली, माझा हात धरून, गाड्या जाईपर्यंत थांबून.

"कासरा हाय का?"

"आहे."

"पोरं नंबर देत्यात?"

"देतात."

"मागं कोन चालतं आता?"

मी म्हटलं, "मी चालते."

तिनं माझा हात दाबला. "मंग काय भ्या न्हाई," म्हणाली.

खोटं बोलले मी. नवी मदतनीस मिळालेली नव्हती, आणि त्या दिवसापासून मी पुढेच चालत होते. मागची गाठ रिकामी लोंबत असायची. मुलं पुकारायची, सतरापर्यंत यायची आणि पुढे काहीतरी राहिल्यासारखी गप्प व्हायची. मी वळून बघायची नाही, पावलं उचलायची.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, साडेबाराला मी ताट घासलं आणि पदराला पुसलं. मान वाकवून ते मागून सरकवलं. स्टील इतकं गार लागलं की अंगावर काटा आला. पोचे पाठीला टोचत होते. आरोही शाळेत गेलेली, म्हणून पुढे स्वराला दिलं, स्वराच्या गाठीवर नवं आलेलं पोर, आणि ईश्वरी आपल्या सातव्या गाठीवर. मी मागे जाऊन अठरावी गाठ धरली.

मागे काय असतं ते मागे चालल्याशिवाय कळत नाही. पुढे सगळी लहान लहान डोकी, आणि आपल्या पाठीमागे कुणीच नाही. पाचट वाजलं की ते आपल्या मानेतच वाजतं. मावशी सात वर्षं इथे चालली, रोज, आणि आम्ही हसत होतो.

पहिलं वळण आलं. मी पुकारलं. एक, दोन, तीन, सगळी नीट बोलली. ईश्वरीनं तर ओरडूनच सांगितलं. सतरा झाले. मी पाऊल टाकलं, पण कासरा हलेना. मुलं थांबली होती. सगळ्यांच्या माना मागे वळल्या होत्या, माझ्याकडे.

"अठरा?" ईश्वरीनं विचारलं.

मुलं वाट बघत राहिली, एकही हललं नाही.

"हाय," मी म्हटलं.